पंपाच्या माथ्यावरची काच

उकिडवेबाई फेब्रुवारीत गेल्या. इथल्या मराठी मंडळाने टोकियोच्या कोतो भागातल्या एका हॉलमध्ये शोकसभा ठेवली आणि अध्यक्ष करंदीकर माइक हातात घेऊन म्हणाले, "बाई अतिशय मृदू स्वभावाच्या. कुणाला कधी उलट शब्द बोलल्या नाहीत." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोर बसलेले सगळे माना डोलावत होते. त्यातल्या निम्म्यांना तरी बाईंनी एकदा झाडलेलं होतं, आणि स्वतः करंदीकरांना तर असं झाडलं होतं की ते महिनाभर बाईंच्या इचिकावात फिरकले नव्हते.

मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं, कबूल. पण बाईंचं जे चांगलं होतं ते त्यांच्या रागातच होतं. तो काढून घेतला तर उरते फोटोतली एक पांढऱ्या केसांची म्हातारी, आणि त्या बाईशी माझी ओळख नाही. मी सभेत काही बोलले नाही. मूग गिळून बसायची मला जुनी सवय आहे, तिच्याबद्दल पुढे येईलच. म्हणून निदान लिहिते तरी.

आमची ओळख कचऱ्यामुळे झाली. मी इचिकावात नवीन होते. एका सकाळी फुटलेलं काचेचं बेकिंगचं भांडं बाटल्यांच्या पेटीत टाकत होते, तेवढ्यात मागून चक्क मराठीत आवाज आला, "अगं ए! ती बाटली आहे का?" मी दचकून वळले. राखाडी स्वेटर, पुरुषी बूट, चष्मा कपाळावर, आणि डोळ्यांत असा संताप की मी कुणाचं मूल पेटीत टाकत होते जणू. आदल्या दिवशी मला फोनवर मराठीत बोलताना त्यांनी ऐकलं होतं. "भट्टीत बाटल्या वितळतात, हे वितळत नाही. तुझ्या एका भांड्यापायी सगळा घाणा नासेल. शिकली आहेस काय?"

"एमएस्सी केमिस्ट्री."

"मग लाज नाही वाटत?"

लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या गॅरेजमध्ये कामाला होते.

बाई इथल्या एका संशोधन संस्थेत काचेवर काम करण्यात म्हाताऱ्या झाल्या होत्या. निवृत्तीनंतर त्यांनी घराखालचं गॅरेज भाड्याने घेतलं आणि जुन्या पेट्रोल पंपांच्या माथ्यावरचे काचेचे गोळे दुरुस्त करायला लागल्या. हे गोळे आता कुणी पाहिलेले नसतात. पूर्वी पंप माणसाएवढा उंच असे आणि त्याच्या डोक्यावर दुधी काचेचा एक मोठा गोळा, त्यावर रंगाने नाव, आत दिवा. अंधार पडला की रस्त्यावरून लांबून दिसायचा. अमेरिकेतले गोळे जमवणारे शौकीन टोकियोत पुष्कळ आहेत. काही जुने इथलेही सापडतात. सगळे बाईंकडे यायचे, कारण दुसरं कुणी हे काम करत नव्हतं, आणि घाबरत घाबरत यायचे.

पहिल्याच दिवशी मी एक गोळा वरून, फुगीर भागाला धरून उचलायला गेले. बाई किंचाळल्या, "ठेव! ठेव खाली!" आणि मग, "बाळाला डोकं धरून उचलतेस का गं? दोन हात. तळाला. आधी अंगठी काढ. बांगडी काढ. टेबलावर टॉवेल कुठाय?" मी पांढरे कापडी हातमोजे चढवले, तर ते ओरबाडून काढले. "घसरतात हे. सिनेमात शोभतात. हात धू, कोरडे कर आणि हातानेच धर."

पहिला आठवडा मला कशालाही पाणी लावू दिलं नाही. नुसतं बघायला लावलं. गोळा आला की एक दिवस तो टेबलावर ठेवायचा आणि चहूबाजूंनी बघायचा, मग आत मंद दिवा ठेवून बघायचा, मग ट्रेसिंग पेपरवर अक्षरं उतरवून घ्यायची, आणि त्यानंतर कुठे कापसाच्या काडीचं टोक कोमट पाण्यात बुडवायचं. "घाईने साफ करणारा माणूस आणि चोर यांच्यात मला फरक दिसत नाही," हे वाक्य मी शंभरदा ऐकलं असेल. कारणही त्यांनी एकदा नीट समजावलं. काही गोळ्यांवरचा रंग भट्टीत भाजलेला असतो, तो काचेचाच होऊन जातो, त्याला साबण लावा, काही होत नाही. काहींवर तो नुसता वरून काढलेला असतो. "रांगोळी आहे ती. हात फिरवलास की गेली. आणि कोणता भाजलेला, कोणता नाही, हे गोळ्याच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. एकाच गोळ्यावर दोन्ही असू शकतात."

त्यांच्या रागाच्या दोन भाषा होत्या. मराठीतला राग उघडावाघडा, गधडे-मूर्खे असा. जपानीत रागावताना मात्र त्या इतक्या अदबीच्या भाषेत शिरायच्या की समोरच्याला घाम फुटायचा. एकदा एक हॉटेलवाला आला. अमेरिकन थाटाचं बर्गरचं दुकान होतं त्याचं, आणि पत्र्याच्या चौकटीत दोन काचा बसवलेला एक गोळा त्याने काउंटरवर लावला होता. काच हलते म्हणून पठ्ठ्याने चौकटीचे स्क्रू मनगटाचा जोर लावून आवळले, आत झगझगीत मोठा बल्ब घातला, आणि वरून विचारत होता की काच तडकली कशी. बाई उठून उभ्या राहिल्या, कमरेत वाकल्या आणि अत्यंत नम्रपणे म्हणाल्या, की आपल्यासारख्या थोर माणसाने स्वतःच्या हाताने ही काच फोडण्याचे कष्ट घेतले, याबद्दल मी आपली किती ऋणी आहे हे सांगायला माझ्यापाशी शब्द नाहीत. तो माणूस पंधरा मिनिटं माफी मागत होता. तो गेल्यावर मला म्हणाल्या, "गाढव." आणि संध्याकाळपर्यंत त्या तडकलेल्या काचेला मायेने चिकटवत बसल्या.

माझी मुलगी तेव्हा पहिलीत होती. मराठीत विचारलं तरी ती जपानीतच उत्तर देते. ती बाईंना 'ओकोरिम्बो' म्हणायची, म्हणजे नाकाच्या शेंड्यावर राग असलेली. तोंडावर म्हणायची. बाईंना ते भारी आवडायचं. "बघ, ही पोरगी खरं बोलते. तू का नाही बोलत गं? सगळं आपलं हळू, हळू. ओठातल्या ओठात. कुणी तुझ्या पायावर पाय दिला तर 'सॉरी' म्हणशील."

म्हणाले असते. म्हणत आलेय.

नोव्हेंबरच्या शेवटी मोरिता-सान आले, सान म्हणजे इथलं अहो-जाहो. सत्तरी ओलांडलेला, सडसडीत, हातात टोपी धरून बोलणारा माणूस. चिबा प्रांतात आतल्या बाजूला त्यांच्या वडिलांचा पेट्रोल पंप होता. तो त्यांनी वयामुळे बंद केला, आणि पाडायच्या आधी माळ्यावरून हा गोळा काढून आणला. वर्षानुवर्षांच्या काजळीने आणि तेलाने काळा पडलेला. पुढच्या बाजूला पंपाचं नाव कसंबसं वाचता येत होतं. मागची बाजू नुसती काळी. विकायचा होता का? नाही. चमकवायचा होता का? तेही नाही. त्यांना एवढंच हवं होतं की मागच्या बाजूला वडिलांनी स्वतःच्या हाताने काही लिहिलं होतं, ते पुन्हा दिसावं. वडिलांचं हस्ताक्षर दुसरीकडे कुठेही उरलेलं नव्हतं. घराला एकदा आग लागली होती, त्यात कागद न् कागद गेला.

त्या संध्याकाळी बाईंनी गॅरेजचा दिवा मालवला आणि गोळ्याच्या आत बल्ब ठेवला. काजळीतून तांबूस उजेड आला आणि त्यात कुंचल्याने काढलेली, थोडी तिरकी अक्षरं उभी राहिली. 'सांभाळून जा.' पेट्रोल भरून बाहेर पडणाऱ्या गाडीला दिसावं म्हणून मागच्या बाजूला. शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढलेली होती, काळा रंग, वर काळी काजळी, दिव्याशिवाय दिसणं शक्य नाही. फोटो घेऊन पाहिला, नुसता डाग आला. "न भाजलेला," बाई पुटपुटल्या. "उद्या बघत बसायचं. परवा ट्रेस करायचं." मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. खूश झाल्या की त्या कुणावरही ओरडत नसत, त्यावरून कळायचं.

तो परवाचा दिवस उजाडायच्या आत बाई जिन्यावरून पडल्या आणि खुबा मोडला. ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना त्यांनी माझ्या हातात गॅरेजची चावी कोंबली. "कशालाही हात लावायचा नाही. धूळ बसली तर बसू दे. ती मी काढीन. ऐकलंस?" मी हो म्हटलं.

आता करंदीकर. एका मोठ्या कंपनीत ते मॅनेजर, आणि माझा नवरा निखिल पानसे त्यांच्याच हाताखाली कंत्राटावर. दरवर्षी मार्चमध्ये कंत्राट पुढे चालू राहणार की नाही हे करंदीकरांच्या एका सहीवर ठरायचं. माणूस वाईट नाही. दिवाळीत घरोघर फराळ पोचवतो, नवीन आलेल्यांना विमानतळावरून आणायला जातो. पण आपण चांगले आहोत याची इतकी खात्री असलेली माणसं मला धोक्याची वाटतात. डिसेंबरात इथे सगळीकडे वर्षअखेरची साफसफाई चालते. ऑफिसं, शाळा, दुकानं, सगळे हाताला फडकी बांधून कामाला लागतात. करंदीकरांच्या डोक्यात आलं की आपणही बाईंचं गॅरेज साफ करून ठेवू, घरी येतील तेव्हा सरप्राइज. मंडळाच्या ग्रुपवर अंगठे आणि जोडलेल्या हातांचा पाऊस पडला. आणि मला फोन आला, "शलाका, चावी तुझ्याकडेच ना? रविवारी दहाला."

मी म्हटलं, "बाईंना विचारायला हवं."

"अगं, मग सरप्राइज कसलं?"

मी दार उघडलं. कुणीही जबरदस्ती केली नाही. मी माझ्या हाताने कुलूप काढलं आणि आत बारा माणसं घुसली, बादल्या, फडकी, बाथरूमच्या फरशीचे स्प्रे घेऊन. कपाटं पुसली, जमीन घासली. बाईंची हत्यारं आकाराप्रमाणे रांगेत लावली. ज्या गोळ्यांना मी महिनोन्महिने श्वास धरून हात लावला, ते हे लोक टेबलावरून खिडकीत हलवत होते, वरून धरून. आणि मग करंदीकर मोरिता-सानच्या गोळ्यापाशी आले. "अरे बापरे, हा तर पारच कळकट!"

इथे मला माझं स्वतःचं बोलणं जसंच्या तसं लिहायचं आहे. मी म्हटलं, "अहो, त्याला नको." बस्स. चार शब्दही नाहीत. आणि ते मी इतक्या हळू म्हटलं की पाठीमागे चाललेल्या व्हॅक्यूमच्या आवाजात बुडून गेलं. करंदीकरांनी माझ्याकडे बघून विचारलं, "काही म्हणालीस?" मी सांगू शकले असते. मला माहीत होतं, त्या काळ्या डागात काय आहे ते. त्या खोलीत ते फक्त मला माहीत होतं. पण त्यांच्या हातात फडकं होतं, चेहऱ्यावर ते हसू, आणि मला मार्च दिसत होता. मी म्हटलं, "नाही, जपून म्हटलं."

"जपूनच की," ते म्हणाले. आणि ते खरंच जपून वागले, हाच तर वैताग आहे. त्यांनी आधी पुढच्या बाजूला एका कोपऱ्यात स्प्रे मारून पुसून पाहिलं. पंपाचं नाव हललं नाही, कारण ते भट्टीत भाजलेलं होतं. "बघा, रंग पक्का आहे!" मग गोळा फिरवला आणि मागची बाजू निवांतपणे पुसून काढली. किचन पेपर काळे होत गेले. काजळी काळी, अक्षरं काळी. पाच मिनिटांत मागची बाजू पांढरीशुभ्र झाली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. खोटं कशाला सांगू?

बाई काठी टेकत आल्या तेव्हा करंदीकर मिठाईचा बॉक्स घेऊन दारात हजर होते. बाईंनी आत पाऊल टाकलं, रांगेत लावलेली हत्यारं पाहिली आणि तिथेच थांबल्या. मग सरळ त्या गोळ्यापाशी गेल्या. आत बल्ब ठेवला, गॅरेजचा दिवा मालवला. सगळीकडे सारखा, स्वच्छ, पांढरा उजेड.

करंदीकर म्हणाले, "किती घाण होती हो! आता बघा, नव्यासारखा."

"तुम्ही एका माणसाचा बाप पुसलात," बाई म्हणाल्या.

"अहो बाई, चांगल्या मनाने केलं सगळ्यांनी..."

"तुमचं मन घाला चुलीत!" आवाज असा चढला की वरच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. "मन विचारलं मी? मोरितांच्या वडिलांच्या हातची अक्षरं होती ती! न विचारता दुसऱ्याच्या घरात घुसता, माहीत नाही त्याला हात लावता, आणि वर मिठाई? चांगलं मन म्हणे! या चांगल्या मनाने जेवढी नासाडी केली ना जगात, तेवढी चोरांनी नाही केली. उचला तो डबा. चालते व्हा." करंदीकरांचा चेहरा पडला. जाताना ते म्हणाले, की हवं तर आपण त्यावर तसंच स्टिकर छापून लावू, त्या मोरितांना कळणारही नाही. बाईंनी काठी उगारली. खरोखर उगारली.

ते गेल्यावर बाई स्टुलावर बसल्या. "दार कुणी उघडलं?"

"मी."

"तू होतीस इथे? पुसताना?"

"होते."

मी वाट पाहत होते. मूर्खे, गधडे, नालायक, काहीही. मला ते हवं होतं. बाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं."

मोरिता-सानकडे आम्ही दोघी गेलो. गाडी बदलून दीड तास, खुब्याचं ऑपरेशन झालेली बाई, मांडीवर कापडात बांधलेला गोळा. मला धरू दिला नाही. इथे चूक झाली की मिठाईचा डबा घेऊन माफी मागायला जातात. बाईंनी डबा नेला नाही. "डबा दिला की त्याला 'असू दे' म्हणावं लागतं. मला त्याच्याकडून ते काढून घ्यायचं नाही," एवढं एकच वाक्य त्या वाटेत बोलल्या.

मोरिता-साननी गाठ सोडली, गोळा फिरवून मागची बाजू पाहिली. खूप वेळ पाहिली. मग हसले आणि म्हणाले, "स्वच्छ झालाय."

"कृपा करून रागवा," बाई जपानीत म्हणाल्या. त्या दिवशी ती नेहमीची जड अदब नव्हती, साधे शब्द होते. "माझ्यावर रागवा. तो तुमचा हक्क आहे."

मोरिता-साननी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. हळूहळू त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, आणि मग त्या सज्जन म्हाताऱ्याचा आवाज फुटला, "कोणी केलं? मी तुमच्या हातात दिला होता. तुमच्या! कोणी केलं हे?"

"मी," बाई म्हणाल्या. "माझं दार, माझी चावी. मीच."

आणि त्या मोडक्या खुब्याने कमरेत वाकल्या, जितकं वाकता येईल तितकं, आणि तशाच राहिल्या. मी शेजारी उभी होते. 'त्या नव्हे, मी' एवढं म्हणायचं होतं. जपानीत दोन-तीन शब्द होतात त्याचे, मला येतात. मी तोंड उघडलं नाही. मोरिता-सान ओरडले, मग रडले, मग त्यांनी गोळा उचलून कपाटात ठेवला, मागची बाजू भिंतीकडे करून.

मार्चमध्ये निखिलचं कंत्राट पुढे चालू राहिलं.

मी गॅरेजमध्ये जात राहिले. बाई काम करत राहिल्या, पण माझ्यावर ओरडायचं त्यांनी बंद केलं. एकदा मी मुद्दाम ओला कापूस रंगाच्या बाजूला नेला. त्यांनी शांतपणे माझं मनगट बाजूला केलं आणि म्हणाल्या, "असू द्या, मी करते." असू द्या! मी उन्हाळ्यापर्यंत तग धरला आणि मग जाणं सोडलं. त्यांनी कारण विचारलं नाही.

शेवटचं पाहिलं ते मागच्या ऑक्टोबरात, इचिकावा स्टेशनच्या लिफ्टपाशी. पन्नाशीचा एक कुरिअरवाला लाकडी खोका घेऊन उभा होता आणि बाई त्याला जपानीत झोडपत होत्या. त्याने म्हणे चिकटपट्टी थेट काचेवर मारली होती. 'आपल्या या दूरदृष्टीपुढे मी नतमस्तक आहे' वगैरे चाललं होतं, आवाज सगळ्या स्टेशनभर. गडी घामाघूम झाला होता. लोक वळून बघत होते. मला त्या माणसाचा इतका हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात लिफ्ट आली आणि बाईंची नजर माझ्यावर पडली. त्यांचं बोलणं थांबलं. काठी सावरून त्या एक पाऊल मागे सरकल्या, मान लववली, आणि लिफ्टच्या दाराकडे हात करून म्हणाल्या, "या, पानसे-सान. तुम्ही आधी जा."

मी गेले.